बत्तीस मायक्रोसेकंदांचा हिशोब

रिअल-टाइम सिस्टिम्स (म्हणजे काम ठरलेल्या वेळेतच झालं पाहिजे अशा सिस्टिम्स) आणि मेजरमेंट असा जोडविषय घेऊन पीएचडी करायचीये असं म्हणणारे अधूनमधून भेटतात आणि सगळ्यांचा प्रश्न एकच असतो, की यात नक्की करायचं काय असतं, कोडिंग असतं की सर्किट, गणित किती लागतं, आणि शेवटी थिसिसमधे लिहायचं काय. प्रत्येकाला तेच ते सांगण्यापेक्षा म्हटलं एकदा सविस्तर लिहूनच टाकावं. लांबणार आहे, आधीच सांगते.

विषय आधी. विजेच्या ग्रिडवर एकमेकांपासून शेकडो किलोमीटर लांब यंत्रं बसवायची, प्रत्येकाने आपल्या जागचं व्होल्टेज मोजायचं, त्या साइन वेव्हचा कोन काढायचा, आणि हा कोन सगळ्यांनी एकाच घड्याळाला धरून काढायचा. मग दोन ठिकाणच्या कोनांतला फरक बघितला की वीज कुठून कुठे आणि किती जोर लावून चाललीये ते कळतं. या यंत्राला फेजर मेजरमेंट युनिट, पीएमयू म्हणतात. पहिलं पीएमयू १९८८ साली व्हर्जिनिया टेकमधे अरुण फडके आणि जेम्स थॉर्प यांच्या लॅबमधे झालं, आणि लिटरेचर सर्व्हे करताना जिकडे तिकडे फडके हे नाव दिसायला लागलं तेव्हा मला उगीचच बरं वाटलं होतं, त्याचा माझ्या कामाशी काही संबंध नाही पण सांगावंसं वाटलं.

पीएमयूसाठी आयईईई या इंजिनिअरांच्या संस्थेचं सी३७.११८ नावाचं स्टँडर्ड आहे, २०१८ पासून त्यातला मापाचा भाग आयईसी/आयईईई ६०२५५-११८-१ या नावाने आहे, आणि त्यात अचूकतेची एक अट आहे, टोटल व्हेक्टर एरर १ टक्क्याच्या आत पाहिजे. ही एरर गमतीशीर आहे, कारण व्होल्टेजचा आकडा चुकला काय किंवा वेळ चुकली काय, दोन्ही एकाच खात्यात जमा होतात. व्होल्टेज अगदी तंतोतंत मोजलं असं धरलं तर १ टक्का म्हणजे कोनात साधारण ०.५७ अंश. ५० हर्ट्झला २० मिलिसेकंदात ३६० अंश होतात, म्हणजे एका मायक्रोसेकंदाला ०.०१८ अंश, म्हणजे सगळं मिळून हातात राहतात सुमारे ३२ मायक्रोसेकंद. जिथे ६० हर्ट्झ आहे तिथे २६. एवढ्यात सगळं बसवायचं, सेन्सर, फिल्टर, एडीसी (व्होल्टेजचा आकडा करणारी चिप), घड्याळ, सॉफ्टवेअर, सगळं. माझं संशोधन म्हणजे, फार मोठे शब्द काढून टाकले तर, हे बत्तीस मायक्रोसेकंद कोण खातं त्याचा हिशोब.

लॅबमधे आधीच्या विद्यार्थ्याने उभा केलेला सेटअप होता. एक इंडस्ट्रियल पीसी, त्यावर लिनक्स, डेटा ॲक्विझिशन कार्ड, आणि एक थ्रेड, म्हणजे प्रोग्रॅमचा एक स्वतंत्र धागा, जो दर १०० मायक्रोसेकंदांनी उठायचा, कार्डकडून एक सॅम्पल (त्या क्षणाचं माप) घ्यायचा, सिस्टिमचं घड्याळ वाचून त्याला वेळ चिकटवायचा आणि परत झोपायचा. चालत होतं. ग्राफ छान यायचे. माझा पहिला विचार हाच की हे जुनं काढून नवीन लिहूया, पण माझ्या गाइड मॅडमनी सांगितलं की कशालाही हात लावू नकोस, आधी हे किती वाईट आहे ते मोज. तेव्हा वैताग आला होता कारण मोजणं म्हणजे संशोधन असं मला वाटतच नव्हतं, संशोधन म्हणजे काहीतरी बनवायचं. पण थिसिसचं निम्मं काम त्या एका वाक्यातून निघालं हे मान्य करायला पाहिजे.

तर मोजायचं कसं. लिनक्सवर सायक्लिकटेस्ट नावाचं टूल आहे, ते तेच करतं, ठरलेल्या वेळी उठायचं आणि किती उशीर झाला ते लिहून ठेवायचं. रिकाम्या मशीनवर चालवलं तर आकडे इतके गोड येतात की पेपर लिहायला बसावं. मग नेटवर्कवर फाइल कॉपी चालू करायची, डिस्कवर लिहायला लावायचं, सगळे कोअर १०० टक्के पेटवायचे, आणि मग परत बघायचं. सरासरी फारशी हलत नाही! हीच खरी गंमत आहे. सरासरी तिथेच राहते आणि हिस्टोग्रामला उजवीकडे शेपूट फुटतं, लाखो वेळा सगळं ठीक आणि मधेच एकदा थेट मिलिसेकंदाचा उशीर. साध्या स्केलवर ते शेपूट दिसतसुद्धा नाही, वाय ॲक्सिस लॉग करावा लागतो. रिअल-टाइमवाले लोक सरासरीबद्दल बोलणाऱ्याकडे जरा दयेने का बघतात ते मला त्या लॉग स्केलवर समजलं.

आणि सॉफ्टवेअरने स्वतःचाच उशीर मोजायचा यावर विश्वास किती ठेवायचा हा वेगळाच प्रश्न. जो थ्रेड उशिरा उठला तोच घड्याळ वाचणार, आणि घड्याळ वाचून झाल्यावर सॅम्पल घ्यायच्या आत परत कुणी त्याला बाजूला सारलं तर ते त्याला कळणारच नाही. प्रिंट स्टेटमेंट टाकून बघावं तर प्रिंटमुळेच टायमिंग बदलतं आणि जो प्रॉब्लेम शोधतोय तो गायब होतो. म्हणून सरळ डिजिटल आउटपुटची एक पिन प्रत्येक सॅम्पलला वरखाली करायची आणि बाहेरून, पिन कधी वरखाली झाली ते नोंदवणाऱ्या लॉजिक अ‍ॅनालायझरने बघायची. दोन ओळींचा कोड, पण बाहेरच्या घड्याळाने मोजलेलं ते पहिलं खरं माप. मला कुणी विचारलं की लॅबमधे आधी काय घ्यावं तर मी महागड्या बोर्डाच्या आधी हेच सांगेन.

मग रिअल-टाइम कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभाच वेळेला पक्का करून घ्यायचा. तेव्हा प्रीएम्प्ट-आरटी हा लिनक्सचा वेगळा पॅच होता, कर्नलच्या बरोब्बर त्याच व्हर्जनला लावायचा, मग कार्डचा ड्रायव्हर त्या कर्नलवर कंपाइल होत नाही, मग ड्रायव्हर दुरुस्त करायचा, हे दुष्टचक्र. आता २०२४ च्या ६.१२ पासून तो मुख्य कर्नलमधेच आलाय, त्यामुळे आत्ता सुरू करणाऱ्यांना हा त्रास नाही, आणि खरं सांगायचं तर जरा जळफळाटच होतो. तो करतो काय, तर इंटरप्टचं (हार्डवेअर प्रोसेसरला मधेच हाक मारतं त्याचं) बरंचसं काम थ्रेडमधे ढकलतो म्हणजे त्यांनाही प्रायॉरिटी लावता येते, आणि कर्नलमधली बरीचशी लॉक्स (एका वेळी एकानेच वापरायच्या गोष्टींची कुलपं) अशी बदलतो की लॉक धरून बसलेल्याला मधेच थांबवता येतं, आणि कमी प्रायॉरिटीवाला लॉक धरून बसला असेल तर वाट बघणाऱ्या मोठ्याची प्रायॉरिटी तात्पुरती त्याला मिळते. ही शेवटची गोष्ट म्हणजे प्रायॉरिटी इन्हेरिटन्स. १९९७ साली मंगळावर उतरलेलं पाथफाइंडर याच कारणाने सारखं रीसेट होत होतं, हवामानाचा छोटा टास्क लॉक धरून बसायचा, डेटा बसचा मोठा टास्क त्याच्यासाठी अडायचा, मधल्या प्रायॉरिटीचा कम्युनिकेशनचा टास्क येऊन निवांत वेळ खायचा, आणि यंत्रणेवर लक्ष ठेवणारा वॉचडॉग टायमर म्हणायचा की काहीतरी बिघडलंय, करा रीसेट. पृथ्वीवरून बदल पाठवून इन्हेरिटन्स चालू केलं आणि सुटलं. आमच्या क्षेत्रात प्रत्येक सेमिनारला कुणीतरी ही गोष्ट सांगतंच, मीही सांगितली, त्याशिवाय पदवी देत नसावेत.

पॅच लावला, थ्रेडला फिफो शेड्युलिंग दिलं, मेमरी लॉक केली, एक कोअर फक्त आपल्यासाठी राखून ठेवला, सीपीयूचं झोपणं आणि वेग कमीजास्त करणं बंद केलं. शेपूट एकदम आखडलं. पण गेलं नाही. मधूनच एक मोठा ठोका यायचा, लोड असो वा नसो, आणि कर्नलच्या ट्रेसमधे त्या वेळात काहीच नाही. म्हणजे नुसतं रिकामं. कर्नलच्या दृष्टीने तेवढा वेळ अस्तित्वातच नव्हता. ड्रायव्हरवर संशय घेतला, कार्ड बदललं, केबल बदलली. शेवटी एका सीनियरने सांगितलं की हार्डवेअर लेटन्सी शोधणारं टूल चालव, ते एका कोअरवर इंटरप्ट बंद करून नुसतं घड्याळ वाचत बसतं आणि मधे खाच पडली का बघतं. पडत होती. सिस्टिम मॅनेजमेंट इंटरप्ट, म्हणजे मदरबोर्डचं फर्मवेअर सीपीयू काढून घेतं, तापमान बघणं वगैरे स्वतःची कामं उरकतं आणि परत देतं, ऑपरेटिंग सिस्टिमला विचारत नाही आणि सांगतही नाही. बायॉसमधले काही पर्याय बंद करून कमी झालं, पूर्ण नाही. ज्या मशीनवर आपण वेळेची हमी द्यायला बसलोय ते मशीनच पूर्णपणे आपल्या ताब्यात नाही, आणि कोणताही शेड्युलर (कुणाला कधी चालवायचं ते ठरवणारा) वापरा, तो या थराच्या वरच राहणार.

इथे थिअरीबद्दल थोडं, कारण कोर्सवर्कमधे ती भरपूर असते. १९७३ चा लिऊ आणि लेलँडचा पेपर सगळ्यांना वाचावा लागतो, त्यात असं सिद्ध केलंय की स्थिर प्रायॉरिटी देऊन ज्याचा पीरियड लहान त्याला वरचा नंबर दिला तर टास्क कितीही असले तरी प्रोसेसर सुमारे ६९ टक्क्यांपर्यंत भरलेला असेल तर डेडलाइन चुकत नाही, आणि ज्याची डेडलाइन आधी त्याला आधी असं चालत्या वेळी ठरवलं तर १०० टक्के. फार सुंदर गणित आहे आणि ते समजून घ्यायला मजा येते. पण त्याला प्रत्येक टास्क जास्तीत जास्त किती वेळ खाईल हा आकडा आधी द्यावा लागतो, आणि कॅश, पाइपलाइन, सामायिक मेमरी बस असलेल्या प्रोसेसरवर तो आकडा छातीठोकपणे कोण देणार? मोजून मिळतो तो आपण पाहिलेला सगळ्यात वाईट वेळ, होऊ शकणारा सगळ्यात वाईट वेळ नव्हे. माझं मत असं की हे गणित डिझाइन करताना डोकं ताळ्यावर ठेवायला उपयोगी आहे, हमी म्हणून दाखवायला नाही. यावर माझे मित्र भांडतात, भांडोत.

आतापर्यंत मी पूर्ण रिअल-टाइमवाली झाले होते, उशीर कमी कर, उशीर कमी कर. मग मेजरमेंटच्या बाजूने विचार करायला लागले तेव्हा एक साधं सूत्र समोर आलं जे प्रत्येक एडीसीच्या पुस्तकात असतं. सॅम्पल घेण्याची वेळ जर इकडेतिकडे हलत असेल (यालाच जिटर म्हणतात) तर सिग्नलच्या उताराच्या प्रमाणात चूक थेट व्होल्टेजमधे येते. १ किलोहर्ट्झची पूर्ण साइन वेव्ह आणि सॅम्पलच्या वेळेत १ मायक्रोसेकंद आरएमएस जिटर एवढं धरलं तर सिग्नल टू नॉइज जेमतेम ४४ डेसिबल निघतो. १६ बिटचा आदर्श एडीसी ९८ देतो. ४४ म्हणजे फक्त सातेक बिट. म्हणजे १६ बिटांचे पैसे मोजा आणि ७ बिट वापरा, बाकीचे नऊ शेड्युलरने खाल्ले. आणि हा १ मायक्रोसेकंद जिटर, तो रिअल-टाइम लिनक्सवाल्यांच्या दृष्टीने स्वप्नवत चांगला आकडा आहे! म्हणजे मी ज्या दिशेने जीव तोडून चालले होते तिकडे कितीही गेलं तरी पोचणं शक्यच नव्हतं.

मग प्रश्नच बदलला. सॉफ्टवेअर वेळेवर यायला पाहिजे हा हट्ट कशाला? पत्र उशिरा पोचलं तरी टपालाचा शिक्का कधीचा ते बघून ते कधी टाकलं हे कळतंच की. सॅम्पल कधी घेतलं हे जर हार्डवेअरने नोंदवलं तर ते प्रोसेस कधी होतं याने मापाला फरक पडत नाही, फक्त रिपोर्ट पाठवायच्या डेडलाइनच्या आत झालं पाहिजे, आणि पीएमयूचा रिपोर्ट सेकंदाला ५० वेळा म्हणजे २० मिलिसेकंदांनी एक. तिथे लिनक्सचा उशीर चालतो, रिअल-टाइम कर्नल तिथे अगदी आरामात बसतो.

म्हणून पुढे एक छोटा मायक्रोकंट्रोलर आणला, कॉर्टेक्स-एम४ चा, १६८ मेगाहर्ट्झचा. त्याचा टायमर ठरलेल्या वेळी एडीसीला ट्रिगर देतो, डीएमए (प्रोसेसरला मधे न घेता डेटा हलवणारं हार्डवेअर) ती सॅम्पल्स मेमरीत टाकतो, अर्धा बफर भरला की इंटरप्ट, मग दुसरा अर्धा भरेपर्यंत पहिला उचलायचा. कोडचा एकही शब्द सॅम्पलच्या वेळेच्या वाटेत येत नाही. आणि जीपीएस रिसीव्हरकडून दर सेकंदाला येणारी पल्स त्याच टायमरच्या इनपुट कॅप्चरला जोडायची, म्हणजे पल्स आली त्या क्षणी काउंटर किती होता ते हार्डवेअर स्वतः पकडून ठेवतं. ही पल्स इंटरप्टने पकडली असती तरी या चिपवर इंटरप्ट सुरू व्हायला किमान १२ सायकल लागतात, ते फार नाहीत, पण त्या वेळी दुसरा इंटरप्ट चालू असेल तर किती लागतील ते सांगता येत नाही, आणि न सांगता येणारं काहीच नको होतं. कॅप्चरमुळे दोन पल्समधे टायमर किती टिक चालला ते मिळतं, म्हणजे आपला क्रिस्टल, घड्याळाला ठोका देणारा क्वार्ट्झचा तुकडा, आज किती पुढे किंवा मागे पळतोय ते दर सेकंदाला कळतं. साधा क्रिस्टल २० पीपीएम (दहा लाखात २०) इकडेतिकडे असतो, म्हणजे सेकंदाला २० मायक्रोसेकंद, आपल्या ३२ मधले २० एका सेकंदात गेले असते.

वेळ कशात साठवायची यावर आम्ही लॅबमधे विनाकारण वाटावा इतका वाद घातला. ३२ बिटांचा सायकल काउंटर १६८ मेगाहर्ट्झला साडेपंचवीस सेकंदांत गुंडाळून परत शून्यावर येतो. सेकंद साध्या ३२ बिट फ्लोटमधे ठेवले तर यंत्र एक दिवस चालल्यावर त्याची बारकाई साधारण ८ मिलिसेकंद उरते, मायक्रोसेकंद विसराच. म्हणून पूर्ण सेकंद वेगळे आणि त्यातला अपूर्णांक वेगळा, दोन्ही इंटिजर, विषय संपला. कुणी म्हणालं की एवढं काय, तर १९९१ ची, आखाती युद्धातली, येणारी क्षेपणास्त्रं पाडणाऱ्या अमेरिकन पॅट्रियट मिसाइलची गोष्ट सांगावी लागायची. ०.१ सेकंद बायनरीत पूर्ण बसत नाही, २४ बिटांत तोडलेला तो आकडा वापरून वेळ मोजत यंत्रणा सलग १०० तास चालली, घड्याळ ०.३४ सेकंदांनी चुकलं, तेवढ्यात येणारं स्कड क्षेपणास्त्र अर्धा किलोमीटरहून जास्त पुढे जातं. सौदी अरेबियातल्या धाहरानला २८ अमेरिकन सैनिक गेले. हे सांगितल्यावर वाद मिटायचा.

आता ज्याने मला सगळ्यात जास्त शिकवलं ते. हार्डवेअर टाइमस्टँप, म्हणजे सॅम्पलवरचे वेळेचे शिक्के, झाले, जिटर नॅनोसेकंदांच्या घरात आला, सगळे खूश, आणि कोन मोजला तर अर्ध्या अंशापेक्षा जास्त ढळलेला. रोज तेवढाच. जिटर नाहीच, नुसता ठाम, स्थिर फरक. सॉफ्टवेअर परत तपासलं, विंडोच्या (ज्या तुकड्यावरून कोन काढतो त्याच्या) मधल्या क्षणाचा टाइमस्टँप देतोय ना, की टोकाचा, ते बघितलं, कारण फेजर (वेव्हची उंची आणि कोन यांची जोडी) हा एका सायकलहून लांब तुकड्यावरून काढतात आणि त्याची वेळ मधली धरायची असते. तेही बरोबर. मग सर्किटकडे गेले. एडीसीच्या पुढे अँटी-अलायझिंगसाठी, म्हणजे सॅम्पलिंगला न झेपणाऱ्या वरच्या फ्रिक्वेन्सी अडवायला, एक साधा आरसी फिल्टर, एक रेझिस्टर एक कपॅसिटर, कटऑफ ५ किलोहर्ट्झ. सगळ्यांना वाटतं की ५० हर्ट्झ हे ५ किलोहर्ट्झच्या शंभर पट खाली, फिल्टरचा काय परिणाम होणार. उंचीवर होत नाही, अजिबात नाही म्हटलं तरी चालेल. पण कोनावर? ५० भागिले ५००० म्हणजे ०.०१, तेवढे रेडियन, म्हणजे ०.५७ अंश, म्हणजे ३१.८ मायक्रोसेकंद. संपूर्ण बजेट! एक टक्क्याची अट म्हणजे ०.०१ रेडियन आणि फिल्टरही ०.०१ रेडियन, म्हणून दोन्ही आकडे तंतोतंत जुळतात. फर्मवेअर, कर्नल, शेड्युलर असं सगळं पालथं घालून जे मायक्रोसेकंद वाचवले तेवढे सगळे दोन पायांच्या एका कपॅसिटरने एकट्याने, कुणालाही न सांगता, आधीपासून खाल्लेले होते.

पण खरी गोष्ट याच्या पुढे आहे. हा उशीर ठाऊक आहे ना, मग टाइमस्टँपमधून वजा करा, झालं. ३२ मायक्रोसेकंदांचा ठाऊक असलेला उशीर म्हणजे काहीच नाही. मग उरतं काय, तर तो उशीर किती बदलतो ते. स्वस्त सिरॅमिक कपॅसिटर एक्स७आर जातीचा असला तर त्याचं कपॅसिटन्स पूर्ण तापमानाच्या पट्ट्यात १५ टक्क्यांपर्यंत हलू शकतं, शिवाय त्यावर किती व्होल्टेज आहे त्यानेही बदलतं. बॉक्स बंद करून तापू दिला की कोन हळूहळू सरकताना दिसायचा, हॉट एअर गनने लांबून शेकलं की स्क्रीनवर लाइव्ह. सी०जी जातीचे घातले, जे अंशाला ३० पीपीएमच्या आत राहतात, आणि सरकणं दिसेनासं झालं. हा थिसिसमधला माझा सगळ्यात आवडता ग्राफ आहे आणि त्यात कॉम्प्युटिंग काडीचंही नाही. त्या ग्राफनंतर माझं सगळं बोलणंच बदललं, उशीर मोठा की लहान हे कुणी विचारलं की मी विचारायचे, ठाऊक आहे की नाही ते सांग.

पेपर लिहायला घेतल्यावर नवीन नाटक. आमचा विषय दोन जमातींच्या सीमेवर आहे आणि दोघांची भाषा जमत नाही. रिअल-टाइमवाल्यांना कमाल आकडा हवा, एकदाही याच्या वर जाणार नाही असं सांगा. मेजरमेंटवाल्यांचं बायबल म्हणजे गम, अनिश्चितता कशी मांडायची त्याचं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक, १९९३ मधे पहिल्यांदा आलेलं, त्यांना प्रत्येक कारणाचं स्टँडर्ड डेव्हिएशन हवं, काही परत परत मोजून काढलेली, ती टाइप ए, काही डेटाशीटवरून किंवा अनुभवाने ठरवलेली, ती टाइप बी, सगळ्यांचे वर्ग करून बेरीज, वर्गमूळ, गुणिले दोन, आणि म्हणायचं की ९५ टक्के वेळा इतक्याच्या आत. पहिल्या पेपरला एका रिव्ह्यूअरने विचारलं की वर्स्ट केस कुठाय, आणि दुसऱ्याने त्याच पेपरला विचारलं की अनसर्टन्टी बजेट कुठाय. दोघंही आपापल्या जागी बरोबर. ९५ टक्के वेळा ब्रेक लागतो असं कुणी म्हटलं तर आपण त्या गाडीत बसणार नाही, आणि दुसरीकडे सगळ्या चुकांचे कमाल आकडे सरळ बेरजेत मांडले तर कोणतंही यंत्र निकामीच ठरेल.

शेवटी मी दोन टेबलं केली. एक मापाचं, त्यात फिल्टर, एडीसीचं अपर्चर, जीपीएस पल्सचा हलणारा भाग, अँटेनाच्या केबलचा उशीर जो मीटरला साधारण ५ नॅनोसेकंद असतो, हे सगळं गमच्या पद्धतीने. दुसरं डेडलाइनचं, त्यात डीएमएपासून नेटवर्कवर फ्रेम जाईपर्यंत प्रत्येक टप्प्याचा पाहिलेला कमाल वेळ आणि तो ओलांडला तर यंत्र काय करतं. हे ‘काय करतं’ महत्त्वाचं, कारण आमचं यंत्र उशीर झाला तर गप्प बसत नाही, फ्रेमवर झेंडा लावून पाठवतं की ही उशिराची आहे. दोन टेबलांमधे एकच ओळ सामायिक आहे, टाइमस्टँपची. मला वाटतं थिसिसमधे नवीन काय असं विचाराल तर ती दोन टेबलं वेगळी करणं हेच, बाकी सगळे तुकडे कुणी ना कुणी आधी केलेलेच होते. पेपर त्यानंतर लागला.

रोजचं आयुष्य याविषयी फार सांगण्यासारखं नाही. रात्रभर रन लावायचा, सकाळी येऊन बघायचं तर डिस्क भरलेली किंवा कुणीतरी लॅबचा मेन स्विच बंद करून गेलेलं. प्रत्येक रनबरोबर कर्नलचं व्हर्जन, बायॉसचे पर्याय, खोलीचं तापमान हे आपोआप सेव्ह होईल अशी स्क्रिप्ट पहिल्या आठवड्यातच लिहा, एवढा एक फुकट सल्ला. गणित म्हणाल तर प्रॉबॅबिलिटी आणि सिग्नल प्रोसेसिंग पक्कं पाहिजे, बाकी वाटेत शिकता येतं. सोल्डरिंग यायलाच पाहिजे, कितीही सॉफ्टवेअरवाले असलात तरी.

डिफेन्सला बाहेरचे परीक्षक मेजरमेंटचे होते. अर्धा तास त्यांनी शेड्युलिंगबद्दल काहीच विचारलं नाही आणि मग शांतपणे म्हणाले, जीपीएस गेला तर? म्हणजे अँटेना तुटली, कुणी जॅमर लावला, तर तुमचं यंत्र किती वेळ खरं बोलेल? याचं उत्तर माझ्याकडे होतं, सरळ हिशोब आहे. घड्याळ १ पीपीएमने चुकत असेल तर सेकंदाला १ मायक्रोसेकंद, म्हणजे अर्ध्या मिनिटात बजेट संपलं. ०.१ पीपीएम धरलं तर पाच मिनिटं. चांगला तापमान-नियंत्रित ऑसिलेटर घातला तर तास, पण मग यंत्र स्वस्त राहत नाही. ते म्हणाले, आणि ते संपलंय हे यंत्राला कसं कळणार? म्हटलं, जीपीएस असताना क्रिस्टल कोणत्या तापमानाला किती पळतो ते यंत्र शिकून ठेवतं, गेल्यावर त्या माहितीवर घड्याळ चालवतं आणि स्वतःची अनिश्चितता दर सेकंदाला वाढवत जातं, ती हद्दीबाहेर गेली की फ्रेमवर तसं लिहितं. मग विचारलं, क्रिस्टल म्हातारा होतो त्याचं काय. एजिंगचा डेटा माझ्याकडे पुरेसा नव्हता, कारण तो गोळा व्हायला जेवढा काळ लागतो तेवढा लागतोच, आणि तसं सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि करेक्शनमधे एक परिच्छेद वाढवायला लावला.

तो डेटा आता नवीन आलेली विद्यार्थिनी गोळा करतेय, माझेच बोर्ड, वेगवेगळ्या तापमानाच्या पेट्यांमधे, जीपीएस मुद्दाम काढून आणि परत लावून. मागच्या वेळी बोलणं झालं तेव्हा ती म्हणाली की ताई, एक बोर्ड बाकीच्यांपेक्षा वेगळाच वागतोय, फर्मवेअर परत लिहू का? मी म्हटलं, आधी किती वेगळा ते मोज.